नालछ्याच्या वाटेवरील मुकी फटफटी

धारहून मांडूकडे निघालेला प्रवासी नालछ्यास सहसा थांबत नाही. सुमारे पंचवीस किलोमीटरवर हे गाव लागते, तेव्हा त्याच्या मनश्चक्षूंपुढे जहाजमहाल उभा राहिलेला असतो. वास्तविक नालछा म्हणजे मांडूचा केवळ उंबरठा नव्हे. परमारांच्या काळी नलकच्छपूर या नावाने ते ओळखले जाई. तेराव्या शतकात पंडित आशाधर हे थोर जैन विद्वान येथे वास्तव्यास होते आणि येथील नेमिनाथाच्या चैत्यालयात त्यांनी ग्रंथरचना केली. पुढे मांडूच्या सुलतानांच्या अमदानीत येथे इमारती उठल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन माल्कम यांनीही येथे मुक्काम केला होता.

या वाटेचे खरे वैभव पावसाळ्यात पाहावे. दोन्ही अंगांस मका आणि सोयाबीन डोलत असते, खुरासानी चिंचेचे अजस्र बुंधे ओलेचिंब उभे असतात, आणि काकडा खोहाच्या दरीतून वर येणारे धुके पाहता पाहता रस्ता गिळून टाकते. अशा वेळी पादचाऱ्यास डोळ्यांपेक्षा कानांचाच आधार अधिक. शेळ्या वळणारा भिल्ल मुलगा, डोईवर भारा घेतलेली बाई, शाळेची वाट चालणारी पोरे, ही सारी मागून येणारे वाहन कानांनीच ‘पाहतात’.

आपण मराठी माणसांनी मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हटले ते तिच्या आवाजावरूनच. आता मात्र विजेवर चालणाऱ्या, फटफट न करणाऱ्या दुचाक्या रस्त्यांवर आल्या आहेत. त्या धूर सोडत नाहीत, कानठळ्या बसवीत नाहीत; त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु नावातला नाद गेला, त्याबरोबर एक इशाराही गेला, याचा विचार कोणी करावयाचा?

वेगाच्या विद्येचे एक मोठे पीठ आपल्याच धार जिल्ह्यात आहे. पीथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून 2021 मध्ये झाले. विजेच्या मोटारसायकलींच्या शर्यतींचा इतिहासही फार जुना नाही. इंग्लंडजवळच्या आईल ऑफ मॅन या बेटावर 2009 साली अशी शर्यत झाली. ‘अग्नी’ संघाच्या गाडीने ती ताशी सुमारे 140 किलोमीटर सरासरी वेगाने जिंकली. 2019 पासून ‘मोटो-ई’ ही जागतिक स्पर्धा भरू लागली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्पेनमधील हेरेझ येथे सरावाच्या वेळी आग लागून स्पर्धेच्या साऱ्या गाड्या भस्मसात झाल्या. तरीही जुलैमध्ये जर्मनीत पहिली शर्यत पार पडली. 2025 च्या हंगामानंतर ही स्पर्धा स्थगित करण्यात आली.

या शर्यतींतील स्वारांचा एक अनुभव मोठा बोधप्रद आहे. इंजिनाची गर्जना नसल्यामुळे वळणावर गुडघा जमिनीस घासल्याचा आणि टायरांचा आवाजही त्यांना ऐकू येऊ लागला. तरी त्यांची सुरक्षितता केवळ कानांवर सोपविलेली नसते. तेथे निशाणांची भाषा चालते: पिवळे दिसले की धोका, लाल दिसले की शर्यत बंद. सारे एकाच दिशेने जातात. मध्ये गाय येत नाही, पोर धावत नाही. कानाचे काम तेथे डोळ्यांनी आणि शिस्तीने उचलले आहे.

नालछ्याच्या रस्त्यावर यांपैकी काय आहे? मोटारींसाठी आंतरराष्ट्रीय नियम झाला आहे. ताशी वीस किलोमीटरपर्यंतच्या मंद गतीत विजेच्या मोटारीने कृत्रिम आवाज करावा, असे तो सांगतो. दुचाकी मात्र त्या नियमाच्या कक्षेत नाही. तेव्हा जे काम पूर्वी इंजिन आपोआप करीत असे, ते आता स्वाराने जाणीवपूर्वक केले पाहिजे. मागून जाताना त्याने आधीच, दुरून व हलकेच भोंगा वाजवावा. अगदी जवळ येऊन वाजविल्यास माणूस दचकून नेमका आडवा येतो. धुक्यात दिवा लावावा, वेग कमी करावा. आणखी एक गोष्ट घरोघरी सांगण्याजोगी आहे. उभी असलेली ही गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. चालू गाडीवर बसविलेल्या मुलाने सहज मूठ पिळली तर ती तत्क्षणी झेप घेते. म्हणून उतरताना चावी काढून घ्यावी.

आशाधरांनी मुनींच्या आचारधर्मावर ‘अनगारधर्मामृत’ हा ग्रंथ लिहिला. त्या आचारात ‘ईर्यासमिती’ नावाचा एक नियम आहे: पुढची चार हात भूमी निरखीत, कोणत्याही जीवास इजा होणार नाही असे चालावे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात 11 मीटर जाते. चार हात तर पापणी लवते न लवते तोच मागे पडतात. मुनी अनवाणी चालत आणि मुंगीची काळजी वाहत. आपण चाकांवर आहोत, आणि पुढे चालणारी मुंगी नसून कुणाचे तरी लेकरू आहे. तेव्हा आपली नजर त्यांच्याहून कितीतरी लांब पोहोचली पाहिजे. वाहन मुके झाले म्हणून स्वाराने बेसावध होऊन कसे चालेल?