पाच किलोंची उडी

व्यायामशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तरुण मुलंच येतात. पण चेंबूरकडच्या आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत दुपारी दोन ते चार ही वेळ बायकांची आहे. मी एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून काम करते. वय ३९. पेशंटला कुशीवर वळवायचं, खुर्चीतून पलंगावर घ्यायचं, हे रोजचंच. संध्याकाळी खांदे आणि कंबर बोलायला लागतात. म्हणून मी वजनं उचलू लागले. हौस नंतर लागली.

आमच्यात सगळ्यांचा आवडता प्रकार बेंच प्रेस. बाकावर उताणं झोपायचं, बार सावकाश छातीपर्यंत खाली आणायचा आणि दोन्ही हातांनी वर ढकलायचा. छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू, तिघांची एकदम परीक्षा. पहिल्या वर्षात मी रिकाम्या १० किलोंच्या बारवरून ४० किलोंवर गेले. घरी मुलं आईकडे नव्या नजरेनं बघायला लागली. आणि मग जे अडलं ते अडलंच. पाच महिने ४० चे ४१ झाले नाहीत.

एवढ्यात मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. बायकांची वजनं काही वाढत नाहीत, नुसत्या गप्पा चालतात. त्यापेक्षा दुपारची वेळ भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना द्यावी. एक जाणकार गृहस्थ म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. बाईच्या अंगात तेवढंच बळ. तुमची हद्द आली." राग आला. पण रागानं बार वर जात नाही, हेही तोवर कळलं होतं.

आमच्यात बारावी सायन्सला असलेली माझी पुतणी वही ठेवते. कुणी काय उचललं, किती वेळा, सगळं तारखेवार. त्या रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो. माझी जाऊ २५ वर अडली होती. पोलीस भरतीची तयारी करणारी शेजारची मुलगी ३५ वर. पन्नाशी ओलांडलेल्या काकू २० वर. मी ४० वर. पुतणी म्हणाली, "काकी, २३ वर कुणीच कसं अडलं नाही? ३७ वर कुणीच कसं नाही?"

उत्तर भिंतीला टेकून उभं होतं. आमच्याकडची सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोंची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की वजन वाढतं ते थेट पाच किलोंनी. ८० किलो उचलणाऱ्या पुरुषाला हे पाच किलो म्हणजे सोळावा हिस्सा. मला आठवा हिस्सा. जावेला पाचवा, आणि काकूंना चौथा! एका आठवड्यात चौथा हिस्सा ताकद वाढवून दाखवा, असं त्या जाणकारांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांची हद्द कुठं आली असती?

थोडं शरीराचंही सांगते. सुरुवातीच्या महिन्यांत वजन भराभर वाढतं, कारण स्नायू फार मोठे होतात असं नाही. मेंदू आणि नसा आहे त्या स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात. हे शिकणं बरंचसं झालं की पुढची वाढ खऱ्या स्नायूंची, आणि ती सावकाशच होते. बाईच्या वरच्या अंगात स्नायू पुरुषापेक्षा कमी, हे खरं. पण सुरुवातीच्या ताकदीच्या मानानं बघितलं तर सरावानं दोघांचीही वाढ साधारण सारखीच होते. हळूहळू भार वाढवण्याची ही रीत थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर वापरली आणि १९४५ साली त्यावर लिहिलं. ग्रीक पहिलवान मायलो रोज वासरू खांद्यावर घ्यायचा आणि वासराचा बैल झाला तरी उचलायचा, अशी जुनी गोष्ट सांगतात. खरीखोटी कोण जाणे. पण वासरू एका रात्रीत चौथ्या हिश्श्यानं वाढत नाही, एवढं मात्र नक्की.

आता चकत्या कुठून आणायच्या? बाजारात अर्ध्या-पाव किलोच्याही मिळतात, पण आमच्या खिशाला नव्हत्या. वेल्डिंगचं काम करणारे शेजारचे भाऊजी मदतीला आले. पाच मिलीमीटर जाड पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी चार इंची चकत्या कापल्या, मध्ये बारच्या मापाचं भोक पाडलं. मग किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर ठेव, जास्त भरली की घास, परत ठेव, असं करत प्रत्येक चकती बरोबर २५० ग्रॅमची केली. दुकानदार आधी वैतागला, नंतर स्वतःच आकडे वाचून दाखवायला लागला. अशा पुष्कळ चकत्या. आता आमची उडी पाच किलोंची नाही, अर्ध्या किलोची.

नुसत्या चकत्यांनी झालं असं म्हणणार नाही. रोज ४० वरच झटापट करणं सोडलं. ३० किलोंवर उतरले. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच वेळा असे पाच सेट. बार छातीवर क्षणभर थांबवून मगच वर; उसळी मारून नाही. खांद्याची पाती मागं आवळलेली, पाय जमिनीवर रोवलेले. शेवटी हात थोडे जवळ धरून हलक्या वजनाचे दोन सेट, कारण माझा बार अर्ध्यावर अडायचा आणि तिथून पुढं दंडाच्या मागच्या स्नायूचं काम जास्त असतं. दर आठवड्याला अर्धा किलो वाढवायचा, चौथ्या आठवड्यात मात्र मुद्दाम हलकं. रात्रपाळी असेल तेव्हाच हा हलका आठवडा घ्यायचा. झोप मोडलेल्या अंगावर वजन चढवण्यात अर्थ नाही. आणि सपोर्टला कुणी उभं असल्याशिवाय बाकावर झोपायचं नाही. याला अपवाद नाही.

पावडरचा डबा घ्या, असंही एकानं सुचवलं. ती पावडर म्हणजे बहुधा दुधातलंच प्रथिन. विष नाही, जादूही नाही. पण त्या पैशांत आमच्या घरात महिनाभर अंडी येतात, तीही सगळ्यांना. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं. ५० ग्रॅम सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत त्याच्या दुप्पट. डाळ, हरभरे, सुका बोंबील आहेतच.

पुतणीनं वहीच्या पहिल्या पानावर सकिना खातूनचं नाव लिहिलंय. पश्चिम बंगालची ही मुलगी लहानपणी पोलिओ होऊन पायानं अधू झाली. पॅरालिम्पिकच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. तिनं २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं आणि २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ५० किलोंच्या गटात ९३ किलो उचलून पाचवी आली. हद्दीच्या गोष्टी करणाऱ्यांना मी ते पान दाखवते. पॉवरलिफ्टिंगमध्ये विक्रम मोडायला अर्धा किलो जास्त पुरतो, हेही त्याखाली लिहिलंय.

चौदा आठवड्यांनी मी साडेचौतीसवर पाच-पाचचे पाच सेट पूर्ण केले. चार दिवस विश्रांती घेतली आणि पंधराव्या आठवड्यात ४२ किलो. एकदाच, पण स्वच्छ. जाऊ साडेसव्वीसवर आहे, भरतीची मुलगी साडेसदतीसवर. काकू मात्र अजून वीसवरच. त्यांचा खांदा दुखतो, त्यांना घाई नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत आम्ही वही समोर ठेवली. दुपारची वेळ तूर्त आमचीच राहिली आहे. दिवाळीनंतर परत बघू, असं ठरलं. मधल्या काळात संध्याकाळची मुलं आमच्या चकत्या वापरायला लागली आहेत. वापरू देत. पण खिळ्याला परत अडकवत नाहीत. काल त्यातल्या दोन बाकाखाली सापडल्या.