लोणी, मीठ, पाऊस

3 जुलै, महाड
भाचीनं फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या रेनहून पाठवलेला बिस्किटांचा डबा आईनं एकटीनं संपवला. बीपीची गोळी घेणारी बाई! आज पोलादपूरहून फोन. "तसली खारट-गोड बिस्किटं तुझ्या त्या पेटीत होतील का गं?" पेटी म्हणजे ओटीजी.

5 जुलै
भाचीनं कृती सांगितली. मैदा 200 ग्रॅम, खारं लोणी 150, साखर 130, तीन अंड्यांचा बलक, चिमूटभर बेकिंग पावडर. वेलची नाही, जायफळ नाही. हात शिवशिवतोय.

6 जुलै
एकादशी. अंडं नाही. वरीचे तांदूळ.

9 जुलै
दुकानातलं बटर घालून केली. बरी झाली, पण चव सपाट. तिकडे साय विरजून लोणी काढतात. तो आंबूसपणा इथे नाही. विरजलेल्या सायीचं लोणी कुठे मिळेल? पोलादपूरची माहेरवाशीण हे विचारतेय!

10 जुलै
उरलेल्या पांढऱ्याचं ऑम्लेट. मुलाचं तोंड वाकडं.

12 जुलै, पोलादपूर
वहिनीनं लोणी काढून ठेवलेलं. म्हशीचं, पांढरंशुभ्र. बर्फाच्या पाण्यात धुतलं, दाबलं, पुन्हा धुतलं. आत ताक राहिलं तर बिस्कीट बिघडतं. मग मीठ. 200 ग्रॅमला 4 ग्रॅम. लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ खलबत्त्यात जाडसर कुटलं. एखादा कण दाताखाली यायला हवा.
आई शेजारी बसून बघत होती. "लोण्यात मीठ? कृष्णाला कळू देऊ नकोस."

14 जुलै
वाचत बसले. फ्रान्सच्या राजांनी मिठावर जबर कर लावलेला. गाबेल. ब्रिटनी प्रांताला सूट. म्हणून तिथलं लोणी खारं, बाकीच्यांचं बहुतेक अळणी. 1790 मध्ये कर गेला, सवय राहिली.
आपल्याकडे 1930 मध्ये मिठासाठी माणसं तुरुंगात गेली. मिठागरं तर आमच्याच जिल्ह्यात, पेण-उरणला. तरी घरच्या लोण्यात मीठ कुणी घातलं नाही. टिकवायचं तर आपण सरळ कढवतो. तुपाला मीठ कशाला लागतंय!

16 जुलै, महाड
पिठाचा गोळा फ्रीजमध्ये ठेवला आणि लाईट गेली. आली तेव्हा लोणी सुटलेलं.
ओटीजी, मिक्सर, फ्रीज, सगळं वरच्या मजल्यावर. 2021 च्या पुरानंतर खाली काही ठेवत नाही.

18 जुलै
170 अंश. वरून बलकाचा हात, काट्यानं जाळी. कडा तांबूस. आधी खारट, मग गोड, मागून आंबूस. हेच ते.
लहानपणी दिवाळीआधी रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत नंबर लावायचो. भट्टीतून नानकटाई निघताना असाच वास. नाही, असा नाही. तो डालड्याचा होता.

19 जुलै
मऊ पडली. हवाच ओली. पुन्हा दहा मिनिटं ओव्हनमध्ये. पूर्ण गार करून डबा बंद.

21 जुलै
रात्रभर कोसळतोय. सावित्री नदीची धोक्याची पातळी साडेसहा मीटर. महाडात पोरंसोरंही हा आकडा सांगतात. बाजारपेठेत दुकानदार माल वर चढवताहेत.
झोप नाही.

22 जुलै
तळिये. केवनाळे. साखर सुतारवाडी. दरडी कोसळून चार वर्षं झाली.
ओव्हन लावला नाही.

23 जुलै
पाऊस ओसरला. उद्या अमावास्या, परवा श्रावण. आई श्रावणात अंड्याचं काही तोंडात घालत नाही. आज डबा पोचला नाही तर महिना गेला. दुपारची एसटी.

रात्री, पोलादपूर
आईनं दोन खाल्ली. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारते."
"विचार ना. डबा इथंच ठेव."
वहिनी बीपीचं मशीन शोधतेय.

25 जुलै, महाड
श्रावण लागला. बलकाऐवजी साय घालून बघणार. लोणी वहिनी पाठवेल. मीठ निम्मं. आईला सांगायचं नाही.