हलगी तापायची ती रात्र

पौषात निफाडची थंडी हाडांत शिरते. महाराष्ट्रातला नीचांकी पारा पुष्कळदा याच तालुक्यात उतरतो, द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्रभर बांधावर शेकोट्या पेटत्या ठेवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, पौष पौर्णिमेला, नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा भरते. सत्तरच्या दशकात नाशिकहून येवल्याकडे निघालेल्या एसटीच्या खिडकीतून यात्रा मला दिसायच्या आधी वासानेच कळायची: काढणीला आलेल्या लाल कांद्याचा उग्र वास, उसाच्या पाचटाचा गोडसर धूर, कढईतून नुकत्याच उतरलेल्या गोडीशेवेचा वास, आणि त्या सगळ्यांवर पांघरलेला, दवाने ओलसर झालेल्या घोंगड्यांचा लोकरी वास. मामा स्टँडवर उभे असायचे. घरी कोण कसं आहे ही विचारपूस नंतर. आधी सांगायचे ते यंदा तमाशाचे कोणकोणते फड उतरलेत.

फडांच्या जाहिराती आठ दिवस आधीच गावोगावच्या भिंतींवर खळीने चिकटलेल्या असत. गुलाबी आणि पिवळा पातळ कागद, त्यावर ठसठशीत अक्षरं, आणि शाईला हात लावला तर बोटाला येणारा रंग. त्या काळी मोठ्या नावांची जोडी हीच जाहिरातीची शान होती. भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू कवलापूरकर, आमच्या उत्तरेच्या बाजूला खानदेशातले भिका-भीमा सांगवीकर. शिवाय दोन कसलेले गडी आपापली माणसं घेऊन एका तंबूत आले, की दत्ता महाडिक पुणेकरांच्या नावाशेजारी गुलाबराव बोरगावकरांचं नाव तेवढ्याच मोठ्या टायपात छापलं जाई. अशा जाहिरातीपुढे माणसं उभी राहून वाद घालत. एकाच्या गळ्यासाठी यायचं की दुसऱ्याच्या सोंगासाठी, यावर पारावर संध्याकाळ सरे, आणि शेवटी वाद घालणारे सगळेच एका बैलगाडीत बसून निघत.

मला तंबूच्या मागची बाजू फार आवडे. तिथे ट्रक उभे असत, पत्र्याच्या पेट्या उघडलेल्या असत, दोरीवर नऊवारी साड्या आणि मखमली अंगरखे शेजारी-शेजारी वाळत, आणि एखादी बाई कडेवरच्या पोराला भाकरीचा तुकडा भरवता भरवता गालाला रंग लावत असे. मधोमध पाचटाचा जाळ. हलगीवाला त्या जाळावर हलगी धरून बसलेला. थंडीने कातडं सैल पडतं, आवाज बसका होतो; म्हणून तो हलगी जाळावर गोल गोल फिरवी, मध्येच तळव्याने कातडं चाचपे, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारी, पुन्हा जाळावर धरी. निफाडच्या थंडीत हे काम अर्धा तास चाले. टिचकीचा आवाज हळूहळू चढत जाई, भद्द होता तो टणक होई, आणि एका क्षणी तो मान हलवून उठे. मग ढोलकीवर थाप पडली, की तंबूतल्या हजारभर माणसांची कुजबुज एकदम थांबे.

आधी गण, मग गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि मध्यरात्र टळल्यावर वग. हा क्रम आम्हाला पाठ होता. तरी प्रत्येकाचं खरं येणं वेगवेगळ्या गोष्टीसाठी असे. मामा वगाचे माणूस. गौळणीत ते तंबाखू मळत बसत, आणि वगाचा पडदा सरकला की गुडघे पोटाशी घेऊन पुढे झुकत. त्यांचे एक शेजारी केवळ मावशीसाठी येत; मथुरेच्या वाटेवर मावशी आणि पेंद्या यांची जुंपली की त्यांचं हसू घोंगडीतून बाहेर फुटे. आणि गावच्या मळ्यात मोट हाकणारे एक आजोबा डोळे मिटून बसत. त्यांना नाच बघायचाच नसे. तीन-तीन, चार-चार किलोच्या चाळांचा आणि ढोलकीचा मेळ बसतो की नाही एवढंच ते ऐकत, आणि मात्रा चुकली तर डोळे उघडून चुकणाऱ्याकडे बघत. ही माणसं शाळेत फारशी गेलेली नव्हती. पण त्यांच्याइतका चोखंदळ रसिक मी नंतर नाशिकच्या नाट्यगृहांतही क्वचितच पाहिला. सिन्नरजवळच्या वावीच्या शाहीर परशरामाचा हा मुलूख, कान तयार असणारच.

काळू-बाळूंच्या ‘जहरी प्याला’चं नाव निघालं, की आजही म्हातारी माणसं खुलतात. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. हवालदारांच्या वेशात ते समोरासमोर आले की कोण काळू, कोण बाळू यावर आम्हा पोरांच्या पैजा लागत. विठाबाई नारायणगावकरांबद्दल मात्र हसून बोलत नसत, आवाज खाली आणून बोलत. बाळंत होऊन पुन्हा चाळ बांधून बोर्डावर उभी राहिलेली बाई, एवढंच मामी सांगे, आणि चुलीपुढे गप्प होई. विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. पुढे त्यांच्या नावाने सरकारने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा कांताबाई सातारकरांना मिळाला हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कांताबाईंचे पती तुकाराम खेडकर १९६४ साली गेल्यानंतर लेकरांना घेऊन ती बाई उभी राहिली, संगमनेरला तिने फड जगवला, मुलाला, रघुवीर खेडकरांना, सोंगाड्या म्हणून घडवलं. मे २०२१ मध्ये करोनाने तिला नेलं. त्या दोन वर्षांत यात्राच भरल्या नाहीत, ट्रक जागेवर गंजले, आणि कलावंतांना दिलेली उचल फडमालकांच्या अंगावर राहिली.

यात्रेत दोन फड समोरासमोर लागले की सामना होई. एका तंबूतून टीप उठली की दुसऱ्यातून तिला वरची टीप येई, माणसं मधल्या मोकळ्या जागेत उभी राहून दोन्हीकडे कान लावीत, आणि पहाटे कोण भारी ठरला हे भेळभत्त्याच्या पुड्या सोडता सोडता ठरे. मी नऊ-दहा वर्षांचा. वगापर्यंत डोळे मिटायचे. ‘भाचेबुवा, झोपू नका, आता सोंगाड्या येतोय,’ असं म्हणत मामा घोंगडीचं टोक माझ्या डोक्यावरून ओढत, आणि त्या काळोखात, लोकरीच्या खरखरीत वासात, सोंगाड्याचा आवाज मला आधी ऐकू येई आणि तो कसा दिसतो ते हसण्यावरून मी ठरवी. दिवस उजाडल्यावर हजेरी, दुपारी कुस्त्यांची दंगल, आणि परतीच्या एसटीत मामांच्या मांडीवर गाढ झोप.

आता रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात. रात्रभराचा खेळ तीन तासांत बसवायचा, म्हणजे कात्री आधी गणाला लागते आणि नंतर वगाला. तुणतुण्याच्या जागी ऑक्टोपॅड आला, मधली जागा सिनेमाच्या गाण्यांनी भरली. मला त्याचं वाईट वाटतं. पण पूर्वी मामी आणि तिच्या जावा तंबूच्या बाहेर लांब गाडीत बसून नुसता आवाज ऐकायच्या, आता त्यांच्या सुना पुढच्या खुर्च्यांवर बसून मोकळ्या हसतात. आणि दिवसभर ट्रकमध्ये हाडं खिळखिळी करून आलेली नाचणारी पोर मध्यरात्रीच्या आत झोपायला जाते. पहाटेपर्यंतचा तमाशा परत आणायचा म्हटलं, तर हे दोन्ही मी परत देणार नाही.

गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरवायला तिथे जातात. मामांचा नातू यंदा गावच्या चैत्रातल्या यात्रेच्या कमिटीत आहे. राहुट्यांतून त्याने मला फोन लावला. पोरांना गाणी हवीत, म्हाताऱ्यांना वग हवा, दोन्ही बाजू हटून बसल्यात, कोणता फड घेऊ? मी म्हटलं, फड कोणताही घे, पण सुपारी देताना गण, गौळण आणि वग तिन्ही कबूल करून घे. ‘काका, दहाला बंद करायचंय,’ तो म्हणाला. ‘मग साडेसहाला सुरू कर.’ पलीकडे तो कोणाशी तरी बोलला, मागून ढोलकी लावत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, साडेसहाला गायींच्या धारांची वेळ असते, सातला जमेल. मी सात कबूल केले.