सोनं संपल्यावरचं गाव

मराठी विभागासाठी लेख दे म्हणून मागे लागलेल्या संपादक मंडळाला मी आधीच सांगून ठेवलंय, की माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघून घ्यायचं! विषय मात्र माझ्याकडे आहे. गेल्या सुट्टीत मी पाच आठवडे के.जी.एफ.ला, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्सला राहिले. हॉस्टेलवर हे सांगितलं की जो तो विचारतो, "काय, रॉकी भाई भेटला का?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नाही भेटला. त्या सिनेमाची गोष्ट रचलेली आहे. फक्त सेट लावला होता तो तिथल्या खऱ्या सायनाइडच्या टेकड्यांवर.

माझी मावशी तिथे राहते. काका कारखान्यात आहेत, त्यांच्या ओळखीने मला ट्रेनिंग मिळालं. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरू, तिथून मारिकुप्पमची लोकल. बंगारपेट सोडलं की स्टेशनांची नावंच बदलतात. कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन. गावातल्या पेठा म्हणजे रॉबर्टसनपेट आणि अँडरसनपेट. मला तर आमच्या शाळेतल्या सिस्टरांची आठवण आली. रस्त्याकडेला बंगले, चर्च, क्लब, आणि जरा पुढे गेलं की कामगारांच्या बुटक्या, एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या रांगा. त्यांना तिथे 'लाईन' म्हणतात. कुणी कुठे राहायचं हे साहेबाने किती पक्कं ठरवलं होतं, ते नुसतं चालत गेलं तरी कळतं.

इतिहास थोडक्यात सांगते, नाहीतर पानं उलटाल. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी आली. सोनं मिळू लागलं, तशी तामिळ मुलखातून हजारो माणसं कामाला आली. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून जवळजवळ दीडशे किलोमीटर तारा ओढून खाणींना वीज आणली. बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ ला! इलेक्ट्रिकलवाल्यांनी लक्षात ठेवा, व्हायव्हामध्ये उपयोगी पडेल. १९५६ मध्ये खाणी म्हैसूर राज्याकडे गेल्या, १९७२ पासून भारत गोल्ड माइन्स ही केंद्राची कंपनी झाली, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी सगळं बंद. सव्वाशे वर्षांत आठशे टनांहून जास्त सोनं निघालं. शेवटी शेवटी एक टन दगड फोडला की जेमतेम तीन ग्रॅम हाती यायचं. खर्च निघेना.

आपला एक धागा तिथे अगदी जुना आहे. बंगळुरू-कोलारचा भाग शहाजीराजांच्या जहागिरीत होता. दुसरा धागा मुंबईचा. १९६५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटच्या म्हणजे टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर याच खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले. एवढ्या खोल का? तर वरचा दगड बाकीचे कण अडवतो आणि न्यूट्रिनो तेवढा आरपार येतो. हे मला फिजिक्सच्या सरांनी नाही, मावशीच्या शेजारच्या ताताने सांगितलं.

ताता म्हणजे तामिळमध्ये आजोबा. वय ऐंशीच्या पुढे. खाणीत ते वाइंडिंग इंजिन ड्रायव्हर होते. माणसांचा पाळणा खाली-वर करणारं जे अजस्र ड्रम असतं ना, ते चालवायचं काम. त्यांना मराठी येत नाही, मला तामिळ येत नाही, पण त्यांचं इंग्रजी माझ्याहून साफ. माझ्या कॉन्व्हेंटचा फायदा झाला तो असा! पहिल्या दिवशी म्हणाले, "मेकॅनिकल? गुड. सिट डाउन, मा." आणि बसवलं ते दीड तास.

त्यांच्याकडून ऐकलेलं सांगायला एक अंक पुरणार नाही. खालून घंटा वाजायची. तीन टोले म्हणजे पाळण्यात माणसं आहेत. मग हात वेगळा चालायचा, म्हणाले. दगड असेल तर एक चाल, माणूस असेल तर दुसरी. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल. तिथला खडकच साठ-पासष्ट अंश तापलेला, म्हणून वरून थंड केलेली हवा सोडायचे. एवढ्या दाबाखालचा खडक कधी कधी आपणहून फुटतो. रॉक बर्स्ट. तो झाला की वर गावातली भांडी वाजायची आणि बायका हातातलं टाकून शाफ्टकडे धावायच्या. ताताच्या बायकोने हे सांगितलं, तेव्हा ताता गप्प बसून राहिले.

आता त्या गावात काय आहे? सायनाइडच्या टेकड्या आहेत. दळलेल्या दगडातून सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेला भुगा. वारा सुटला की तो घरात येतो, मावशी खिडक्या लावायला पळते. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने या टेकड्यांमध्ये राहिलेलं सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. ताताला विचारलं तर हसले. म्हणाले, बातमी दर निवडणुकीला येते.

आणि पहाटेची गाडी आहे. अंधारात अर्धं गाव स्टेशनवर. शंभर किलोमीटरवर बंगळुरूला कामाला जायचं आणि रात्री झोपायला परत यायचं. ताताचा मुलगा त्यातच. मी विचारलं, "मग तिकडेच का राहत नाही?" तो म्हणाला, "भाडं." मग जरा थांबून, "आणि अप्पा येणार नाहीत."

हे ऐकलं तेव्हा मला आमचं घर आठवलं. माझे अण्णा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. त्या पगारातून त्यांनी माझी कॉन्व्हेंटची फी भरली. मी सातवीत असताना कारखाना बंद पडला. सीझनमध्ये भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं. के.जी.एफ.लाही तसंच, सायरनवर गाव उठायचं. अण्णांची काही देणी अजून यायची आहेत. आता ते मोटारी रिवाइंड करतात. दादा चाकणला आहे. त्याचं रोज एकच, घर विकून इकडे या. आई तयार आहे. अण्णा "बघू" म्हणतात.

आपल्या तेरचं तरी वेगळं काय झालं म्हणा. एनएसएसच्या कॅम्पला आपण जातो, देवळाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या विटांचं कौतुक करतो आणि भजी खाऊन परत येतो. हेच ते तगर. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात लिहिलंय, की तगर पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं. पुढे शिलाहार राजे कोकणात राज्य करतानाही स्वतःला तगरपुराचे स्वामी म्हणवून घ्यायचे. व्यापार गेला, बिरुद राहिलं. लामतुरे संग्रहालयात मणी आणि हस्तिदंती बाहुली बघताना मी पूर्वी जांभया दिल्या होत्या. पण तेर उठून गेलं नाही. त्याच मातीत गोरोबाकाका मडकी घडवत राहिले. व्यापारी कुठे गेले असतील? तेही पहाटेच निघाले असतील का?

के.जी.एफ.हून मी रोज रात्री अण्णांना फोन करायचे. एरवी आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "पैसे आहेत का" एवढंच. पण खाणीचं सांगायला लागले की ते ऐकत राहायचे. ड्रम केवढं, दोर किती जाड, ब्रेक कसला. मी ताताला विचारून यायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे. दोन म्हातारे माझ्यामार्फत गप्पा मारत होते म्हणा ना.

शेवटच्या आठवड्यात अण्णांनी विचारलं, "खाण बंद केली तेव्हा पंप चालू ठेवले का गं?"

ताता म्हणाले, "नाही. पाणी भरलं."

मी तसंच सांगितलं. अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग अवघड आहे बाई. आपल्याकडं तसं नाही. आपले मिलचे रोलर अजून जागेवर आहेत. ग्रीस लावून ठेवलंय मी."

"कधी लावलं?" मी विचारलं. कारखान्याच्या गेटला कुलूप आहे, हे मला माहीत होतं.

"दर दिवाळीला जातो," ते म्हणाले. "वॉचमन ओळखीचा आहे."

दादाला मी हे अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला घरी गेले, की यंदा अण्णांबरोबर आत जाणार आहे. ग्रीसचा डबा मी धरेन.