पायथ्याची वाट

डोंगर चढल्यावाचून निसर्गदर्शनाचे पुण्य पदरी पडत नाही, अशी आम्हा मराठी माणसांची एक जुनी समजूत आहे. आमचे देव डोंगरावर, आमचे किल्ले डोंगरावर, आणि आमच्या इतिहासातील अभिमानाचे कितीतरी प्रसंगही डोंगरावरच घडलेले. तेव्हा सहलीस निघालेल्या माणसाने घाम गाळून, धापा टाकीत, शेवटच्या पायरीवर 'आलो एकदाचे' असे म्हटलेच पाहिजे. या समजुतीस आम्ही आजवर कधी हरकत घेतली नव्हती. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला हरकत घेण्याचे कारणही नसते. परंतु गडाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीजवळ, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत कोणी तरी वडीलधारे माणूस बसलेले असते, आणि खाली उतरणारी मंडळी त्याला 'वर काय बहार होती' हे सांगत असतात. त्या माणसाच्या तोंडावरचे हसू वाचकांनी कधी नीट पाहिले आहे काय?

आमच्या घरात ते माणूस म्हणजे आमची सौभाग्यवती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तिने वर्षानुवर्षे पहाटे चढल्या, आणि तेही आमच्या पुढे राहून. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी तिला चालण्याची मोकळीक दिली, चढण्याची मात्र दिली नाही. आता पुण्यात सपाटीवर चालावयाचे म्हणजे कोठे, हे पुणेकरांस सांगावयास नको. त्यामुळे न्युरेंबर्गला नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनी "सप्टेंबरात या, आईला चालायला जागा दाखवतो" असा निरोप धाडला, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: "पायऱ्या किती?"

पायऱ्या नव्हत्या. न्युरेंबर्गच्या दक्षिणेस आल्टम्यूल नावाची एक नदी आहे. बव्हेरियातील सर्वांत मंद नदी अशी तिची ख्याती. ती वाहते आहे की थांबली आहे, हे पाण्यावर पडलेले एखादे पान दोन मिनिटे पाहिल्यावाचून कळत नाही. पण तिचे खोरे मात्र तिच्या मानाने फारच ऐसपैस आहे. त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. हे खोरे तिने कोरलेलेच नाही. डोलनश्टाइन या गावापासून खाली एके काळी साक्षात डॅन्यूब वाहत असे; पुढे त्या महानदीने आपला मार्ग बदलला, आणि हे धाकटे पाणी त्या रिकाम्या वाड्यात राहावयास आले. पूर्वजांनी बांधलेल्या सातखणी वाड्यात एखादे लहानसे बिऱ्हाड राहावे, तशी ती त्या रुंद खोऱ्यात इकडून तिकडे वळणे घेत नांदते. पायी चालणाराला सपाट वाट मिळते ती या वारशामुळे.

गुन्झेनहाउझेनपासून केलहाइमपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा पायरस्ता या खोऱ्यातून आखलेला आहे. तो कोठे काठाने जातो, कोठे कड्यावर चढतो. आम्ही चढाचे भाग सोडून दिले आणि काठाकाठाने, पापेनहाइम, सोल्नहोफेन, डोलनश्टाइन अशी गावे घेत, चार दिवस रमतगमत चाललो. आगगाडी खोऱ्यातूनच धावते, त्यामुळे थकवा आला की पुढचे स्टेशन गाठावे आणि परतावे. दुपारच्या फराळास दशम्या होत्या. या प्रवासात पराक्रम म्हणून सांगण्यासारखे काही घडले नाही.

घडले ते एवढेच, की पहिल्या दिवशी आम्हा दोघांच्या मधोमध, दोघांचे हात धरून चालणारी सौभाग्यवती तिसऱ्या दिवशी आमच्या पुढे वीस-पंचवीस पावले चालत होती. आम्ही मुद्दाम मागे राहिलो होतो असे तिला वाटले. तसे नव्हते.

सोल्नहोफेनच्या खाली नदीकाठी खडकांचे सुळके ओळीने उभे आहेत. त्यांस तेथील लोक 'बारा प्रेषित' म्हणतात. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण, उथळ समुद्र होता, आणि हे सुळके म्हणजे त्या समुद्राच्या तळाशी वाढलेल्या स्पंजांच्या राशींचे अवशेष. त्यांच्या अंगाखांद्यावरून उतरणारे माळ पाहून आम्ही "निसर्गाने काय सुंदर बाग लावली आहे!" असे उद्गार काढले. त्यावर चिरंजीवांनी आमची शिकवणी घेतली. हे माळ निसर्गाने राखलेले नाहीत. मेंढरांनी राखलेले आहेत. शेकडो वर्षे धनगरांनी या उतारांवर कळप चारले. मेंढरे गवत आणि कोवळी रोपे खातात, काटेरी ज्युनिपरला तोंड लावीत नाहीत; म्हणून झाडी वाढली नाही, आणि आमच्या वैद्यांच्या हपुषेच्या जातीची ही काळसर झुडपे तेवढी माळावर पहाऱ्यासारखी उभी राहिली. चराई थांबली तर काही वर्षांत तेथे रान माजेल, आणि उन्हावर जगणारी रानफुले नाहीशी होतील. जमिनीलगत फुलणारे एक रुपेरी काटेफूल आम्हास दिसले. पाऊस येण्यापूर्वी ते मिटते, म्हणून जुने लोक त्यावरून हवेचा अंदाज घेत. आता सरकार आणि निसर्गरक्षक मंडळे मेंढपाळांस या कामाबद्दल पैसे देतात. आमच्याकडचा धनगर कळप घेऊन निघाला म्हणजे त्याला वाटेतून कसे हाकलतात हे आठवून आम्ही काही वेळ गप्प बसलो.

वाटेवरच्या खुणांचीही गोष्ट अशीच. झाडांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर रंगीत चिन्हे काढलेली असतात. निरक्षराने पाहिली तरी वाट चुकत नाही. जर्मनीत हे काम बहुतांशी पदभ्रमण-मंडळांचे सभासद विनावेतन करतात. त्यांपैकी श्वाबेन प्रांतातील एक मोठे मंडळ १८८८ सालापासून चालत आले आहे. रंगाचा डबा घेऊन रविवारी रानात जाणाऱ्या या म्हाताऱ्यांविषयी आम्हास फार आदर वाटला. तथापि त्या आदराबरोबर एक गोष्ट सांगणे भाग आहे. याच देशातील रानवाटा एके काळी सर्वांच्या नव्हत्या. जर्मन आणि ऑस्ट्रियन आल्प्स-मंडळाने १९२४ सालीच आपली व्हिएन्नाची एक शाखा, तिचे सभासद बहुतांशी ज्यू होते म्हणून, बाहेर काढली होती. आणि १९३३ नंतर काय झाले ते जगास ठाऊक आहे. त्या काळरात्रीनंतर १९४६ साली बव्हेरियाने जी राज्यघटना केली, तिच्या १४१ व्या कलमात असे म्हटले आहे की रानात आणि डोंगरी कुरणांत प्रवेश करणे, निसर्गाच्या सौंदर्याचा आस्वाद घेणे हे प्रत्येकास मोकळे आहे. राज्यघटनेत फिरावयास जाण्याचा हक्क लिहिलेला पाहून प्रथम आम्हास हसू आले होते. 'प्रत्येकास' हा शब्द तेथे कोणत्या साली आला, हे ध्यानात आल्यावर ते ओसरले.

खोऱ्याचा खालचा भाग आम्ही पाहिला नाही. डिटफुर्टपासून केलहाइमपर्यंत या मंद नदीचाच कालवा करण्यात आला आहे; १९९२ साली पुरा झालेल्या, माइन आणि डॅन्यूब जोडणाऱ्या जलमार्गाचा तो भाग. नद्या जोडण्याची हौस तेथे नवी नाही. शार्लमेन बादशहाने ७९३ साली याच खोऱ्याच्या वरच्या अंगास तसा एक कालवा खणविला होता, आणि त्याचा चर आजही दिसतो.

वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस 'ग्र्यूस गॉट' म्हणून पुढे जातो. आमच्या खेडेगावातील 'रामराम' याहून निराळा नाही, असे आम्ही म्हणालो, आणि सौभाग्यवती प्रत्येकास हात जोडून "नमस्कार" म्हणू लागली. एका बाकावर विसावलो असता चिरंजीवांनी, बहुधा बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय काढला. "आई, इथेच राहा ना तुम्ही दोघं. तिथं तू घरात बसून असतेस."

तिने लगेच उत्तर दिले नाही. नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वाट सोपी आहे रे. पण एवढ्या वाटेत एकही माणूस 'काय, गुडघा कसा आहे?' म्हणून थांबलं नाही."

"त्यांना कुठे ठाऊक आहे, आई?"

"तेच म्हणते मी."

यावर चिरंजीव काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. दोघांचेही खरे होते. तो प्रश्न आमच्या घरात अद्याप सुटलेला नाही.

शेवटच्या दिवशी सोल्नहोफेनच्या वरच्या पठारावर दगडाच्या खाणी पाहावयास गेलो. तेथे मात्र मोटारीने गेलो, आणि हे सांगण्यात आम्हास संकोच नाही. त्या प्राचीन समुद्राचा गाळ थरावर थर बसून येथे दगड झाला. पोथीची पाने सुटावीत तशा त्याच्या लाद्या सुटतात. १८६१ साली याच दगडात पिसांचा आणि दातांचा तो प्रसिद्ध आदिपक्षी, आर्किऑप्टेरिक्स, सापडला. पण आम्हा छापील अक्षरांच्या वेडगळांस या खाणीचे अप्रूप निराळेच. म्यूनिकच्या आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास, हाताशी कागद नव्हता म्हणून धुवावयास द्यावयाच्या कपड्यांची यादी असल्याच एका लादीवर खरडली, आणि त्यातून शिळाछाप निघाली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. शिळाछापीस लागणारा उत्तम दगड येथूनच जगभर जाई. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. १८९४ साली मुंबईत निघून पुढे मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या त्याही शिळाछापीच्याच. आमच्या आजीच्या देवघरातील लक्ष्मीचे मूळ गणगोत या पांढुरक्या खाणीत निघावे, याचे आम्हास केवढे नवल वाटले!

तेथे हौशी लोकांस हातोडी-छिन्नी भाड्याने मिळते. सौभाग्यवती एका उंचशा दगडावर बसली आणि पापड सोडवावेत तशा लाद्या सोडवू लागली. तासाभराने एका लादीत नाजूक नेच्याचे पान उमटलेले निघाले. खाणीवरच्या माणसाने पाहून सांगितले की हे झाड नव्हे. दगडाच्या फटीत लोखंड आणि मँगेनीज यांचे पाणी झिरपून अशी नक्षी होते, त्यात जीव कधीच नव्हता. चिरंजीवांनी ते भाषांतर करून सांगितले.

"नसेना," ती म्हणाली, आणि लादी पदराने पुसून तिने पिशवीत ठेवली. विमानतळावर सामानाचे वजन तीन किलोंनी जास्त भरले, तेव्हा आमची दोन पुस्तके चिरंजीवांकडे मागे राहिली.