ठमे, तू काय काम करतेस ते सांग

प्रिय ठमे,

गेल्या महिन्यात माईच्या नातवाच्या मुंजीत तुझा विषय निघाला. पंगतीत कुणीतरी दादाला विचारलं, "लेक काय करते हो इंग्लंडात?" दादा म्हणाला, "हॉस्पिटलात आहे. चांगल्या पोस्टवर." मी समोरच्या पाटावर होते. बापाला चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यावर झोप लागेना. कसलं हॉस्पिटल आणि कसली पोस्ट? माझी ठमी लीड्सजवळच्या एका साध्या घरात तीन मतिमंद माणसांना त्यांचं आयुष्य जगायला मदत करते. सपोर्ट वर्कर आहे ती. हे दादाला ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे. मग दोघांनी मिळून हे हॉस्पिटल कशाला बांधलंत गं?

तू म्हणशील, आत्या, तुला बोलायला काय जातं. एमएस्सी झालेली मुलगी परक्या पुरुषांना आंघोळ घालते, हे आईनं भिशीत कसं सांगायचं? कळतं मला. पण ही लाज आपल्या घरात कुठून आली तेही मला माहीत आहे. फोनवर तुझी ब्रेक संपायची घाई असते, म्हणून लिहायला बसले.

बाळकाका तुमच्या त्या तिघांसारखाच. तुला आठवतो तो डेअरीतून किटली घेऊन येणारा, दारातूनच "दूध आलं" म्हणून ओरडणारा. मला आठवतात त्याच्या शर्टाची बटणं. तिशी उलटल्यावर तो ती लावायला शिकला. आजी पलंगावर बसायची, दोन्ही हात मुद्दाम पदराखाली. बाळ खालून सुरुवात करायचा, कारण खालचं काज त्याला दिसायचं. अंगठ्यानं बटण ढकलायचा, ते निसटायचं, पुन्हा चिमटीत धरायचा. मधलं एखादं काज चुकलं की गळ्याशी एक बटण उरायचं. मग सगळी सोडून पहिल्यापासून. घरात कुणीतरी करवादायचं, "अगं लावून दे ना!" आजी म्हणायची, "त्याला लावू दे." चौथी शिकलेली बाई. परवा तू सांगत होतीस, तुमच्याकडच्या एकाला स्वतःचा चहा स्वतः करायचा असतो, दूध सांडतं, अर्धा तास जातो, आणि तुला शिकवलंय की मधे हात घालायचा नाही. मी फोन ठेवल्यावर किती वेळ आजीच्या त्या पदराकडेच बघत होते म्हण ना.

आणि त्याच घरात, मला बघायला पाहुणे येणार असले की बाळची रवानगी मागच्या आळीतल्या काकूंकडे व्हायची. घरात असं कुणी आहे हे कळलं तर पोरीचं लग्न जमायचं नाही. आजीच त्याला धुतलेला शर्ट घालून, हातात लाडू देऊन धाडायची. पाहुणे गेले की तो बोळातून डोकावून विचारायचा, "आता येऊ?"

आपल्या घरानं बाळला लपवलं, ठमे. आता बाळसारख्यांचं करणाऱ्या तुला लपवतंय.

तू ज्या देशात आहेस तिथं हे लपवणं कायद्यानं चालायचं, हे तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं का? १९१३ साली तिथं एक कायदा झाला, आणि त्याच्या आधारानं अशा माणसांना गावाबाहेरच्या वसाहतींत, मोठाल्या इस्पितळांत नेऊन ठेवायची रीत पक्की झाली. पुढं १९४४ चा शिक्षण कायदा आला. त्यानं सगळ्यांना माध्यमिक शाळा दिली म्हणून त्याचं कौतुक होतं. पण एखादं मूल शिकवण्याजोगं नाही असा शेरा मारून त्याला शाळेच्या बाहेर काढायची सोयही त्याच कायद्यात होती. एकदा शेरा बसला की ते मूल शिक्षण खात्याचं राहत नसे, आरोग्य खात्याकडे जाई. म्हणजे ते विद्यार्थी नाही, रोगी ठरलं.

ज्यूडी फ्रिड नावाच्या बाईंना चार मुलं. थोरली फेलिसिटी अशी होती. तिला घेईल अशी शाळा मिळेना. १९४६ साली, महायुद्ध नुकतं संपलेलं, रेशन चालू, अशा दिवसांत ज्यूडीबाईंनी 'नर्सरी वर्ल्ड' नावाच्या आयांच्या मासिकाला पत्र धाडलं, की ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी मला लिहा. आणि बायकांनी लिहिलं! जिला वाटत होतं की हे आपल्या एकटीच्याच नशिबी आलंय, तिनं लिहिलं. डॉक्टरांवरचा राग, शेजारणीचं बोलणं, नवऱ्याचा अबोला, काय काय असेल त्या पत्रांत, मी नुसती कल्पना करते. त्या पत्रांतून पालकांची संघटना उभी राहिली. सुरुवातीला तिच्या नावात 'मागास मुलं' होतं, नंतर नाव बदलत गेलं, आणि आज सगळे तिला मेनकॅप म्हणतात. तुझी संस्था वेगळी, लहान, मला माहीत आहे. पण आज तिथं ज्या घरांत तुझ्यासारख्या मुली कामाला जातात, त्यांचा पाया त्या आयांच्या पत्रांत आहे.

ह्या आया नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी पुरावा गोळा केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९५८ साली संघटनेनं ब्रुकलँड्स नावाचा एक प्रयोग चालवला. लंडनच्या एका मोठ्या इस्पितळातली काही मुलं बाहेर काढून एका घरात ठेवली. छोटे गट, खेळणी, गाणी, ओळखीची माणसं, बालवाडीत असतं तसं सगळं. तशीच काही मुलं इस्पितळातच राहिली. दोन वर्षांनी दोन्हींची तुलना केली. घरातली मुलं बोलण्यात, वागण्यात कितीतरी पुढं गेली होती. मुलं तशीच होती, फक्त भिंती बदलल्या होत्या. पुढं कुणी म्हणालं की या मुलांना घर काय आणि वॉर्ड काय, कळतं थोडंच, तर त्याच्यापुढं टाकायला आता कागद होता.

तरी शाळेचा दरवाजा उघडायला १९७० चा कायदा यावा लागला. एप्रिल १९७१ पासून तिथलं एकही मूल शिक्षणाच्या बाहेर ठेवता येईना. ज्यूडीबाईंच्या पत्राला तोवर पंचवीस वर्षं झाली होती. फेलिसिटीचं शाळेचं वय कधीच सरलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांसाठी पंचवीस वर्षं भांडणं, ठमे, हे मला जमलं असतं का, सांगता येत नाही.

आणि इस्पितळांचं काय? १९६७ साली कार्डिफच्या ईली इस्पितळात रुग्णांना मारहाण होते, त्यांच्या वस्तू चोरीला जातात, असं वर्तमानपत्रात आलं. चौकशी बसली, १९६९ साली अहवाल आला, आरोप बव्हंशी खरे निघाले. मग कुठं सरकार ही इस्पितळं रिकामी करायच्या गोष्टी बोलू लागलं. ती सगळी बंद व्हायला पुढची चाळीस वर्षं लागली.

तुमच्या घरातल्या त्या थोरल्या गृहस्थांवर तू वैतागतेस ना? दिवसभर आपला ड्रॉवर उघडून बघतात, किल्ली खिशात आहे का चाचपतात, बिस्किटं उशीखाली ठेवतात. सात वर्षांचे असताना त्यांना इस्पितळात सोडलं, चाळिशी उलटल्यावर बाहेर आले, असं तूच म्हणालीस. अगं, तिथं पलंगाला पलंग लागलेले असायचे. कपडे धुऊन आले की ढिगातून हाताला येईल तो अंगावर चढवायचा. कुणाचाच शर्ट कुणाचा नव्हता. ज्या माणसाकडे तीस-पस्तीस वर्षं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं, तो किल्ली चाचपणार नाही तर काय करील? वैतागू नकोस. आणि त्यांच्या त्या घराचा भाडेकरार त्यांच्या नावावर आहे, तुझी संस्था फक्त मदतीला येते, हे तू मला कौतुकानं सांगितलं होतंस. दादाला सांगितलंस का कधी?

एक गोष्ट तुझ्या आईला मुद्दाम सांग, तिला नाटकांचं वेड आहे. आपल्याकडे बबन प्रभूंच्या फार्सला लोक पोट धरून हसायचे, तसे लंडनला ब्रायन रिक्स या नटाच्या फार्सला हसायचे. त्याला १९५१ साली मुलगी झाली, शेली. डाऊन सिंड्रोम. तिला संस्थेत ठेवा आणि विसरून जा, असा सल्ला मिळाला. ठेवली संस्थेत, पण विसरला नाही. १९८० साली रंगभूमी सोडून तो मेनकॅपचा मुख्य कारभारी झाला. इतका नावाजलेला नट "माझी मुलगी अशी आहे" म्हणून जाहीर बोलायचा. आपल्या घरात ते एकालाही जमलं नाही.

मात्र मी तुला आरती ओवाळायला सांगत नाहीये. मेनकॅपच्या बोधचिन्हावर कितीतरी वर्षं एका केविलवाण्या मुलाचं चित्र असायचं. देणग्या त्यानं मिळाल्या असतील, पण ज्यांच्या नावानं त्या मिळाल्या त्या मोठ्या माणसांना काय वाटत असेल? पोरकं, बिचारं लेकरू म्हणून आयुष्यभर मिरवायचं? नव्वदीच्या दशकात ते चित्र गेलं, बरं झालं.

आणि तुझ्या रात्रपाळीचं. स्लीप-इन म्हणतेस तू. त्या घरातच झोपायचं, हाक आली की उठायचं, फेफरं आलं तर औषध द्यायचं, आणि बदल्यात एक ठरावीक, तुटपुंजी रक्कम. तुझ्यासारख्याच एका बाईंनी मेनकॅपवर दावा लावला होता. रात्री दहा ते सकाळी सात, आणि हातात सुमारे २९ पौंड. मार्च २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की झोपलेल्या वेळेला किमान वेतन लागू होत नाही. मागची थकबाकी द्यावी लागली तर सेवा देणाऱ्या संस्थाच बुडतील, असं संस्थाचालक म्हणत होते, आणि सरकार पुरेसे पैसे देत नाही हेही खरं. तरी मला हा निकाल पटत नाही. आयांच्या दुःखातून उभी राहिलेली संस्था तिच्याच घरात रात्र काढणाऱ्या बाईच्या विरुद्ध कोर्टात उभी राहते, हे ज्यूडीबाईंनी पाहिलं असतं तर? झोपेतही ज्याचा एक कान जागा आहे, तो कामावरच आहे. आजी बाळच्या खोलीबाहेर पस्तीस वर्षं तशीच झोपली.

कामाला किंमत नसली की काय होतं तेही तुझ्याच देशात दिसलं. २०११ साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी इस्पितळात बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र लोकांनी पाहिलं. अशाच माणसांना तिथले कर्मचारी बुकलत होते, खुर्चीखाली दाबून धरत होते. पुढच्या वर्षी अकरा जणांना शिक्षा झाली. म्हणून म्हणते, हे काम कोण करतं यावर सगळं आहे. तुझ्यासारखी मुलगी तिथं असणं आणि नसणं यात एखाद्या माणसाचं अख्खं आयुष्य असतं.

आपल्याकडे काहीच नव्हतं असंही समजू नकोस. ज्यूडीबाईंच्या पत्राच्या दोन वर्षं आधी, १९४४ साली, मुंबईत होरमसजी आणि जय वकील या पारशी नवराबायकोनं आपल्या लेकीसाठी, दीनासाठी, शाळा काढली. शिवडीला आजही आहे. १९६४ साली पुण्यात सिंधुताई जोशींनी 'कामायनी' सुरू केली. बदलापूरच्या 'आधार'मध्ये मोठी झालेली माणसं कायमची राहतात, तीही पालकांनीच उभी केलेली संस्था. पालकांचा प्रश्न तोच, माझ्या माघारी याचं कसं व्हायचं? १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, आता जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून अशा माणसाला कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आपल्या आजीला यातलं काहीही कुणी सांगितलं नाही. पुणं आपल्यापासून काही तासांवर होतं, पण बाळला घेऊन एस.टी.त बसायचं म्हणजे लोकांनी बघायचं. तिथंच सगळं अडलं.

शेवटच्या दुखण्यात आजीनं मला जवळ बोलावून एकच विचारलं होतं, "बाळला बटणं कोण लावू देईल?" लावून कोण देईल असं नाही विचारलं. लावू कोण देईल. तुझं सगळं काम एवढंच आहे, ठमे, आणि हे करायला आपल्या घरातून कुणीतरी गेलं याबद्दल मी तुझे उपकार मानते. आजीच्या वतीनंही.

आता एक मागणं. आपल्या गावात अशी मुलं असलेली पाच-सहा घरं आहेत. महिन्यातून एकदा त्या आया माझ्या ओसरीवर जमतात. आधी दारं लावून बसायच्या, आता चहाला शेजारीणही येते. त्यांना मुलाला अंगावर घेऊन वाढवता येतं, पण त्याला स्वतःचं काय काय करू द्यायचं, फेफऱ्याची नोंद कशी ठेवायची, मोठं झाल्यावर त्याला काय हवंय ते कागदावर कसं उतरवायचं, हे दाखवणारं कुणी नाही. तू ते रोज करतेस. दिवाळीत येशील तेव्हा एक दुपार त्यांच्यासाठी राखून ठेव. पत्रकावर तुझं नाव घालणार आहे, आणि नावाखाली सपोर्ट वर्कर असंच छापणार आहे. त्याआधी दादाशी बोल. मी बोलले तर तो ऐकायचा नाही, तुझं ऐकेल.

तुझी,
आत्या