लांदाची कैफियत

माया संस्कृतीच्या अभ्यासाला आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारले म्हणजे मी दिएगो दे लांदाच्या युकातानवरील ग्रंथाचे नाव घेतो, आणि घेताना दरवेळी मन खिन्न होते. कारण १५६२ साली मानी येथे माया लोकांच्या पोथ्या ज्याच्या हुकुमाने अग्नीच्या स्वाधीन झाल्या तोच हा फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक, आणि त्या कारभाराचा जाब देण्यासाठी स्पेनला गेला असता, १५६६ च्या सुमारास, त्याच लोकांच्या सणवारांची, शेतीची व कालगणनेची सविस्तर कैफियत लिहून ठेवणाराही तोच.

विद्यार्थिदशेत माझ्या हाती प्रथम आला तो मात्र एरिक थॉम्प्सन यांचा १९५४ चा ग्रंथ. नक्षत्रांच्या आणि काळाच्या चिंतनात निमग्न अशा शांत पुरोहितांचे जे चित्र त्यांच्या सुंदर गद्याने मनावर उमटले, ते तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांचा १९६० चा निबंध वाचीपर्यंत अबाधित राहिले. पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभांवरच्या तिथींचे गट पाडून, प्रत्येक गटाचा पल्ला एका मनुष्याच्या आयुष्यात मावतो, हे या विदुषीने दाखवून दिले; वर तोंड केलेल्या बेडकाचे चिन्ह जन्माचे ठरले, आणि देव म्हणून पाहिल्या गेलेल्या मूर्ती जन्म घेणारे, गादीवर बसणारे राजे झाल्या. थॉम्प्सन यांनी हे मान्य केले, यात त्यांचा मोठेपणा आहे.

लांदाचे खरे मोल मला त्यानंतर, युरी क्नोरोझोव यांच्या १९५२ च्या लेखामुळे उमगले. लांदाने स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारून माया जाणकाराकडून त्यांची चिन्हे लिहवून घेतली होती. ‘बे’ ऐकून त्याने पाऊलखूण असलेली वाट रेखाटली, कारण त्याच्या भाषेत वाटेला बे म्हणतात. विद्वानांनी निरुपयोगी ठरवलेल्या त्या पानावरील बहुतेक चिन्हे अवयवांची, म्हणजे आपल्या बाराखडीतल्यासारख्या स्वरयुक्त व्यंजनांची आहेत, हे लेनिनग्राडच्या या संशोधकाने ओळखले. ज्याने पोथ्या जाळल्या त्याच्याच दप्तरातून लिपीची किल्ली निघावी, या गोष्टीशी माझे मन अद्याप समेट करू शकलेले नाही.

म्हणून आताशा मी एकटा लांदा कोणाच्या हाती देत नाही. त्याच्या जोडीला ‘पोपोल वुह’ हवाच: फ्रान्सिस्को शिमेनेस या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथे किचे भाषेतील मूळ व स्पॅनिश अनुवाद शेजारी शेजारी उतरवून राखलेली ती पुराणकथा. तीही डेनिस टेडलॉक यांच्या १९८५ च्या अनुवादात वाचावी. कारण त्यातील अनेक कूटस्थळे उलगडून दाखवणारा आंद्रेस शिलोह हा मोमोस्तेनांगोचा किचे दैवज्ञ होता, आणि २६० दिवसांचे पंचांग त्याच्या नित्य वापरातले होते.